झालेली सांगू, का राहिलेली?

प्रश्न : मी शहादा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. नोकरीला लागले तेव्हा पहिलीच्या वर्गात पोरं दाटीवाटीनं बसायची. यंदा पहिलीचा पट अकरा. टीव्हीवर सांगतात, महाराष्ट्राचा जननदर दोनच्याही खाली गेला, आता माणसं कमी होणार. पण माझी पहिली नेमणूक अक्राणी तालुक्यात होती. तिथे घराघरात चार-पाच पोरं मी पाहिली आहेत. शिवाय जिल्ह्याची लोकसंख्या तर वाढतेच आहे. मग पोरं कमी होतायत की जास्त? आणि होत असतील कमी, तर कशामुळे? कायद्यामुळे, महागाईमुळे, की आमच्यासारख्यांनी शिकवल्यामुळे?
— एक शिक्षिका, शहादा

उत्तर : बाई, तुम्ही विचारलेत दोन प्रश्न, पण त्यांच्या पोटात आणखी चार आहेत. पहिल्याचं उत्तर लगेच देऊन टाकतो. पोरं कमी होतायत. अक्राणीतही होतायत. माणसं मात्र अजून वाढतायत. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, त्याला थोडा हिशेब लागेल. पण हिशेबाआधी एका म्हातारीला भेटू.

सात-आठ वर्षांपूर्वी अक्राणीतच, सातपुड्यात धडगावच्या पुढे एका पाड्यावर गेलो होतो. बरोबर तिथली आशाताई. कुडाचं घर, पुढे ओटा, ओट्यावर मक्याची कणसं सोलत बसलेली म्हातारी. मला पावरी येत नाही, तिला माझी मराठी जेमतेम कळे, म्हणून आशाताई मध्ये. बोलायला काहीतरी हवं म्हणून विचारलं, "आजी, पोरं किती?" आशाताईनं पावरीत विचारलं. म्हातारीनं उलट काहीतरी विचारलं. आशाताई हसून मला म्हणाली, "ती विचारते, झालेली सांगू का राहिलेली?"

मग म्हातारीनं कणीस खाली ठेवलं आणि अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायला लागली. एकेका पेरावर थांबायची, काहीतरी पुटपुटायची. काही पेरांवर नाव, काहींवर नुसती खूण : ते होळीच्या आधलं, ते मका जळाला त्या सालचं. नाव ठेवायच्या आतच गेलेल्याला खुणेशिवाय दुसरं काय असणार? नऊ झाली होती. राहिली पाच.

आत चुलीपाशी सून होती. तिला चार झाली, चारही राहिली. चौथ्यानंतर ती हिवाळ्यातल्या शिबिरात जाऊन ऑपरेशन करून आली. सासू आधी तयार नव्हती. "धाकटा चालायला लागू दे, मग बघू," म्हणायची. मूल चालायला लागलं की म्हातारीच्या हिशेबी निम्मा धोका टळला.

आता तुमच्याच वर्गातलं गणित करा. सासूला नऊ, सुनेला चार. जन्म निम्म्याहून कमी झाले. पण घरात वाढलेली पोरं? पाच आणि चार. फरक एकाचा. म्हणजे त्या घराला हवी असलेली पोरं फारशी कमी झालीच नव्हती. ती पदरात पडायला लागणारी बाळंतपणं कमी झाली होती. जन्मदर घटण्याची पहिली पायरी जगात जवळजवळ सगळीकडे अशीच पडलेली दिसते. आधी पोरं मरायची थांबतात, मग काही वर्षांनी आयांची त्यावर खात्री बसते, आणि मग पाळणा थांबतो. या तीन गोष्टींत मधली सगळ्यात सावकाश होते. तो काळ लोकसंख्या भसाभस वाढण्याचा. लोक जास्त मुलं जन्माला घालतात म्हणून ती वाढत नाही. पूर्वीइतकीच घालतात आणि ती जगतात, म्हणून वाढते.

देशाचे आकडे हेच सांगतात. १९७१ साली भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांतली १२९ पहिल्या वर्षातच दगावत होती. २०२० साली हा आकडा २८ वर आला. महाराष्ट्रात १६ वर. देशाचा हजारामागचा जन्मदर याच काळात ३६.९ वरून १९.५ वर उतरला. दोन्ही उतार एकमेकांचा हात धरून आलेत.

म्हणूनच सातपुड्यातली गोष्ट मैदानातल्यापेक्षा मागून चाललेली दिसते. धडगाव-मोलगीकडून बाळंतिणीला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या तुम्ही वाचता, आणि तिथे नोकरी केली असल्यामुळे बातमीत न येणारंही तुम्हाला ठाऊक असेल. नर्मदेच्या फुगवट्याच्या पाण्यात तरंगता दवाखाना फिरतो, कारण काही पाड्यांना दुसरी वाटच नाही. आरोग्य केंद्राशेजारी माहेरघर बांधावं लागतं, म्हणजे दिवस भरत आलेली बाई आधीच येऊन राहील. जिथे दवाखान्यात पोचायचीच खात्री नाही, तिथे "दोन पुरे" हा सल्ला म्हातारीला अडाणीपणाचा वाटला, तर चूक कोणाची?

आता हिशेब. बातमीतले दोन शब्द वेगळे करून घेऊ, कारण पेपरवाले ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. जन्मदर म्हणजे वर्षाला दर हजार लोकसंख्येमागे किती बाळं जन्मली. मोजायला सोपा, पण फसवा. समजा, संगमेश्वराकडची एखादी वाडी आहे, तरणीताठी सगळी मुंबईला, मागे उरली म्हातारी माणसं. तिथे हजारामागे जन्म जवळजवळ नाहीतच. म्हणून वाडीतल्या लेकी-सुनांना मुलं होत नाहीत असं थोडंच? होतात, विरारला होतात. म्हणून दुसरा आकडा लागतो, एकूण जननदर. त्यात त्या वर्षी पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांना वयावयाप्रमाणे किती मुलं झाली ते पाहतात, आणि एखादी बाई या सगळ्या वयांतून त्याच दरानं गेली तर तिला आयुष्यात सरासरी किती मुलं होतील ते काढतात. आयुष्याचा हिशेब, पण एका वर्षाच्या फोटोवरून काढलेला. एखाद्या पिढीनं नुसती लग्नं लांबवली तरी तो आकडा तेवढ्यापुरता जास्तच खाली दिसतो, हे ध्यानात ठेवावं.

महाराष्ट्राचा हा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १९९२-९३ साली २.९ होता. १९९८-९९ मध्ये २.५, २००५-०६ मध्ये २.१, २०१५-१६ मध्ये १.९ आणि २०१९-२१ मध्ये १.७. नमुना नोंदणी पद्धत म्हणून दुसरी सरकारी मोजणी आहे, ती महाराष्ट्राला २०२० साली १.५ देते. कोणताही धरा, त्या वर्षांत आपण फ्रान्सच्या खाली होतो. हे वाक्य मी एका लग्नाच्या पंगतीत बोललो होतो, कोणी विश्वास ठेवला नाही.

आणि २.१ चं काय प्रस्थ आहे? आई-बापाच्या जागी दोन मुलं आली की पिढी भरून निघाली, हे सरळ आहे. वरचा .१ दोन कारणांनी. निसर्गातच शंभर मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, आणि जन्मलेल्या सगळ्याच मुली आई होण्याच्या वयापर्यंत पोचत नाहीत. याचाच अर्थ जिथे पोरं जास्त दगावतात तिथे २.१ पुरत नाही. त्या म्हातारीच्या काळात तिच्या पाड्याला नुसतं जागच्या जागी राहायला साडेतीन-चार लागत असणार. २.१ हा आकडा दवाखाने चालू असलेल्या मुलखाचा आहे.

आदिवासी घरांत जन्म कमी होतायत का, हे तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण पत्रात आडून आहे. नंदुरबार जिल्ह्यात शंभरातले ६९ अनुसूचित जमातींचे, तेव्हा विचारायलाच हवं. देशभरच्या अनुसूचित जमातींचा जननदर २००५-०६ साली ३.१ होता, २०१९-२१ मध्ये तो २.१ वर आला. पंधरा वर्षांत एक पूर्ण मूल कमी. हा वेग एकूण महाराष्ट्रानंही त्या काळात दाखवला नाही. "ते लोक ऐकत नाहीत" असं तुमच्या शिक्षकखोलीत कोणी म्हणालं, तर त्यांना हा आकडा जरूर ऐकवा.

मग जिल्हा वाढतो कसा? त्यासाठी एक दहा घरांचा पाडा कागदावर काढा. दहा जोडपी, वीस माणसं. प्रत्येकाची सहा पोरं जगली, झाली साठ. पाड्यातल्या जेवढ्या पोरी लग्न होऊन बाहेर जातात तेवढ्याच सुना येतात असं धरू. साठांची तीस जोडपी झाली. आता ही तीसही जोडपी शहाण्यासारखी, भिंतीवरच्या कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाकडे बघून, दोन-दोनवर थांबली. पोरं किती? साठ. आधीच्या पिढीतही साठ पाळणे हलले, या पिढीतही साठ. घरटी पोरं सहावरून दोनवर आली, पण पाड्यावरचे पाळणे एकानंही कमी झाले नाहीत, कारण पाळणे बांधणारी घरंच तिप्पट झाली. आणि जाणारी माणसं वीसच. लोकसंख्याशास्त्रात याला वाढीचा रेटा म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे याच रेट्यामुळे भारताची लोकसंख्या २०६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चढत राहील आणि १७० कोटींच्या आसपास जाऊन मग उतरायला लागेल. देशाचा जननदर २.० वर केव्हाच आला आहे, तरीही.

हा रेटा किती मोठा, त्याचा एक नमुना माझ्या वहीत बऱ्याच वर्षांपासून लिहून ठेवलेला आहे. १९९८ च्या १ जुलैला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. पुढच्या, २००१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या भरली १३ लाख १२ हजार. त्याच मोजणीत रत्नागिरी जिल्हा १६ लाख ९७ हजार. दहा वर्षांनी, २०११ ला, नंदुरबार १६ लाख ४८ हजार आणि रत्नागिरी १६ लाख १५ हजार. एका दशकात नंदुरबार पावणेचार लाखांहून मोठी पिछाडी भरून पुढे गेला. एकीकडे २५ टक्क्यांहून जास्त वाढ, दुसरीकडे जवळजवळ ५ टक्के घट. राज्य एकच, सरकार एकच, "हम दो हमारे दो"ची पाटीही तीच. रत्नागिरीच्या घटीत मोठा वाटा मुंबईच्या गाडीचा आहे हे खरं. पण कोकणातून तरुण माणसं शंभर वर्षांहून जास्त काळ मुंबईला जातायत, तरी लोकसंख्या वाढत असे, कारण मागे राहिलेल्या घरांतले पाळणे ती तूट भरून काढत. ते पाळणे थांबल्यावर गळती उघडी पडली. तुमच्या टीव्हीवरची बातमी रत्नागिरीची आहे, तुमच्या आठवणीतली अक्राणीची.

आता कारणं. कायद्याचं आधी उरकतो, कारण त्यात मला फारसा दम दिसत नाही. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालेल्याला ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत निवडणूक लढवता येत नाही. सरकारी नोकरीसाठी लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र २००५ पासून लागतं. यात कितीतरी सरपंचांची पदं गेली. पण वरचे आकडे पुन्हा बघा : राज्याचा जननदर १९९८-९९ लाच २.५ वर येऊन उतरणीला लागला होता. कायदा चालत्या गाडीत चढला आणि गाडी आपणच ढकलली म्हणतो. केरळानं असला कायदा न करता १९८० चं दशक संपेपर्यंत २.१ गाठलं. उलट आंध्रानं असाच नियम केला होता, आणि आता पोरं फारच कमी झाली म्हणून २०२४ साली तो मागे घेतला.

सक्तीचा मार्गही आपण चालून पाहिला आहे. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळानं तीन मुलं असलेल्या जोडप्यातल्या एकाची सक्तीनं नसबंदी करायचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते तिथेच राहिलं. पण १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून जास्त नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांतल्या तीन चतुर्थांश पुरुषांच्या होत्या. त्याचा परिणाम काय झाला बघा. पुरुष जे दचकले ते आजतागायत. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या निम्म्या बायकांनी ऑपरेशन करून घेतलेलं आढळलं. पुरुष शंभरात एकही नाही. पुरुषाची शस्त्रक्रिया बिनटाक्याची, अर्ध्या तासात चालत घरी जाण्यासारखी. बाईची पोटावर छेद घेऊन करायची. तरी पाड्यावर विचारलं तर उत्तर ठरलेलं : "त्यांना ऊस तोडायला जायचंय, अशक्तपणा येईल." जणू ऊस तोडायला बाई जातच नाही!

ऊसतोडीचा विषय निघालाच आहे तर इथे जरा थांबतो, कारण नंदुरबारची जन्माची गोष्ट उसाशिवाय पुरी होत नाही. दिवाळी झाली की तुमच्या जिल्ह्यातून ट्रकच्या ट्रक भरून माणसं गुजरातेत बारडोली-सुरतेकडे जातात. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञानं खानदेशातून बारडोलीच्या उसाला जाणाऱ्या टोळ्यांवर १९७० च्या दशकात अभ्यास केला, तेव्हाही ही वाट मळलेलीच होती. मुकादम उचल देतो ती माणसाला नाही, कोयत्याला. आणि कोयता म्हणजे जोडी, एक तोडणारा, एक मोळ्या बांधणारी. एकटा पोरगा अर्धा कोयता. तेव्हा पोरगा कमावता करायचा तर त्याचं लग्न लावायचं, हे घराचं साधं अर्थशास्त्र होऊन बसतं. शिवाय आई-बाप सहा महिने फडावर, वयात आलेली पोरगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, हीही धास्ती असते. २०१९-२१ च्या पाहणीत राज्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांतल्या २२ टक्के अठराच्या आत लग्न झालेल्या निघाल्या, त्यामागे हेही एक कारण आहे.

लवकर लग्नाचा लोकसंख्येवर होणारा परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. सगळे विचारतात मुलं किती. पहिलं मूल कितव्या वर्षी, हे कोणी विचारत नाही. आई-लेकीच्या वयात सतरा वर्षांचं अंतर असलं तर शंभर वर्षांत सहा पिढ्या होतात. पंचवीस वर्षांचं असलं तर चारच. प्रत्येकीला दोनच मुलं झाली तरी एका वेळी एका छपराखाली किती पिढ्या जिवंत असतील याचा विचार करा. पस्तिशीतली आजी तुम्ही अक्राणीत पाहिली असेल.

आणि आता तुम्ही. जननदर उतरवण्यात शाळेतल्या बाईंचा हात आहे का? आहे, आणि तो कायद्याहून मोठा आहे. २०१९-२१ च्या पाहणीत देशात शाळेत न गेलेल्या बायकांचा जननदर २.८ होता, बारावी किंवा पुढे गेलेल्यांचा १.८. एका मुलाचा फरक. यात पैशाचा, गावाचा, जातीचाही वाटा मिसळलेला आहे, सगळं श्रेय पाटी-पेन्सिलीचं नाही. पण बारावीपर्यंत बसलेली पोरगी अठराच्या आत सासरी जात नाही, एवढ्यानंच अर्धं काम होतं. लोकसंख्येचा धडा पाठ्यपुस्तकात असला-नसला तरी चालेल. पोरीचं नाव बारावीपर्यंत हजेरीपटावर राहिलं की झालं.

महागाईचं म्हणाल, तर ती दुसऱ्या पायरीवरची गोष्ट आहे. पहिल्या पायरीवर बाळंतपणं कमी होतात, दुसरीवर हवी असलेली मुलंच कमी होतात. शेतावर पोरगं सहाव्या वर्षापासून गुरं वळतं, म्हणजे हात वाढतात. शहाद्याला खोली घेऊन इंग्लिश मिडीयमला घातलं की तेच पोरगं पंचवीस वर्षं खर्चाच्या खात्यावर. मैदानातल्या केळी-पपईवाल्या शेतकऱ्यांच्या घरात ही पायरी केव्हाच ओलांडून झाली. तिथे आता चिंता एकुलता मुलगा शहरात गेला तर शेती कोण करणार याची आहे.

या दुसऱ्या पायरीला महाराष्ट्रात एक वाईट वळण लागलं, तेही सांगायला हवं. मुलं कमी हवीत, पण मुलगा हवाच, असं म्हटल्यावर सोनोग्राफी मदतीला आली. सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ साली ९१३ होत्या, २०११ ला ८९४. बीडमध्ये तर ८०७. नंदुरबार यात राज्याच्या सरासरीच्या बराच वर राहिला. सातपुड्यात लग्नात देज पोरीच्या बापाला मिळतं, त्याला द्यावं लागत नाही. पोरीकडे बघायची नजर त्यामुळेही वेगळी असेल. जिल्ह्याच्या मागासपणाच्या याद्या करणाऱ्यांनी ही ओळही कुठेतरी लिहावी.

कमी मुलांवरून एक जुनी तारीख आठवते. १९२१ ची खानेशुमारी झाली तेव्हा हिंदुस्थानची लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली. १९१८ च्या इन्फ्लुएन्झानं माणसं इतकी नेली होती. त्यानंतरच्या एकाही मोजणीत ती घटलेली नाही. आणि नेमकं त्याच १९२१ साली रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. देश मेलेली माणसं मोजत होता आणि हा गृहस्थ कमी जन्मांविषयी बोलत होता! लोकांनी त्यांना वेड्यात काढलं यात नवल नाही. कर्व्यांना मुख्यतः बाईच्या तब्येतीची आणि तिच्या मर्जीची काळजी होती. देशाच्या आकड्यांची काळजी सरकारांना पुढे तीस वर्षांनी लागली. १९५२ साली कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला तो आकड्यांच्या काळजीनं, आणि बाईची मर्जी त्यात बराच काळ मागे पडली.

तुमच्या अकराच्या पटाकडे येतो. तो सगळा जननदराचा प्रताप असं मला वाटत नाही. खात्री करायची तर एक साधा उद्योग करा. गावात सहा वर्षांपूर्वी किती जन्मली ते काढा. पण त्यासाठी ग्रामपंचायतीतली जन्मनोंद बघू नका. जन्म जिथे होतो तिथे नोंदला जातो, आणि तुमच्या गावातली बहुतेक बाळंतपणं आता शहाद्यात होत असणार, म्हणजे त्या नोंदी नगरपालिकेत. ग्रामपंचायतीच्या वहीवरून तर तुमच्या गावात पाळणाच हलत नाही असं दिसेल. अंगणवाडीताईंचं सर्वेक्षणाचं रजिस्टर मागा, त्यात राहत्या घराप्रमाणे मुलं असतात. तिथे पंचवीस नावं निघाली आणि तुमच्याकडे अकरा आली, तर उरलेली चौदा पिवळ्या बसमध्ये, आश्रमशाळेत नाहीतर सुरतेला शोधावी लागतील. अंगणवाडीतच तेरा निघाली, तर मात्र पाळणाच थांबला म्हणायचं.

कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विषय निघतो तेव्हा शिक्षण विभाग सातपुड्यातल्या तोरणमाळचं उदाहरण देतो, ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण तोरणमाळला मुलं कमी नव्हती, पाडे विखुरलेले होते. पट कमी दिसायची ही दोन वेगळी कारणं आहेत आणि त्यांवर एकच औषध चालणार नाही.

आपला कोरिया होईल का, असं हल्ली बरेच वाचक विचारतात. दक्षिण कोरियाचा जननदर २०२३ साली ०.७२ झाला. तिथलं सरकार बाळामागे पैसे देतं, तरी आकडा तोवर घसरतच आला होता. महाराष्ट्र लगेच तिथे जाणार नाही. मात्र खाली आलेला जननदर पुन्हा २.१ च्या वर नेऊन टिकवणं फार थोड्या देशांना जमलं आहे, हेही खरं. देशात कुठे जन्म वाढवा म्हणून भाषणं सुरू झालीत आणि कुठे अजून तिसऱ्या मुलाबद्दल सरपंचपद जातं. दोन्हींच्या मध्ये तुमचा जिल्हा उभा आहे.

जाता जाता. पुढच्या जनगणनेची मोजणी १ मार्च २०२७ ही तारीख धरून होणार आहे, आणि घरोघर फिरायला शिक्षकांनाच धाडतात हे मी तुम्हाला सांगायला नको. २०११ च्या फॉर्ममध्ये लग्न झालेल्या प्रत्येक बाईसाठी दोन रकाने होते : एकूण किती मुलं झाली, आणि आज त्यांतली किती हयात आहेत. साहेबांनी दिल्लीत बसून छापलेला प्रश्न आणि त्या म्हातारीनं कणीस खाली ठेवून विचारलेला प्रश्न एकच होता. तुमच्या वाट्याला त्या वेळी एखादा पाडा आला आणि ओट्यावर अशी कोणी बसलेली असली, तर जरा टेका. नवापर्यंत पेरं मोजायला वेळ लागतो.